परीक्षकाचा भाचा पखवाजावर

आमच्या वाडीत नवरात्रात भजन स्पर्धा होते. वेंगुर्ल्यापासून थोडं आत, माडांच्या मधोमध देवळाचा सभामंडप, समोर चटया, आणि एका बाजूला टेबलक्लॉथ घातलेलं टेबल नि तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवर परीक्षक. काही वर्षांपूर्वी मधल्या खुर्चीवरच्या बुवांचा सख्खा भाचा चौथ्या नंबरच्या मंडळात पखवाजावर बसला. बुवा सज्जन माणूस. मंडळाचं नाव पुकारल्याबरोबर उठले, माईकजवळ गेले आणि म्हणाले, "या मंडळात माझो भाचो आसा. मी मार्क देवचंय नाय." टाळ्या पडल्या. बुवा मागच्या पडवीत चहा प्यायला गेले आणि पाचव्या मंडळाची गणपती-वंदना सुरू होताना परत येऊन बसले.

भाच्याचं मंडळ पहिलं आलं.

रात्री दीड वाजता देवळाच्या पायरीवर वाद सुरू झाला. दुसऱ्या नंबरच्या मंडळातल्या पेटीवाल्याने जे तीन प्रश्न विचारले ते मी आजही विसरलेले नाही. एक, बुवा उठले खरे, पण उजवीकडच्या खुर्चीवर त्यांचाच शिष्य बसला होता, त्याचं काय? दोन, बुवांनी भाच्याला मार्क दिले नाहीत, पण आम्हाला तर दिले! ते कमी दिले असतील तर भाच्याचाच फायदा. तीन, हे सगळं कुठे लिहून ठेवलंय?

तिसऱ्या प्रश्नावर स्पर्धेच्या चिटणिसांनी खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. त्यावर बेरजा होत्या, बाकी काही नव्हतं.

मी त्या वादात पडले नाही. पण घरी येताना डोक्यात हेच चाललं होतं, की या पेटीवाल्याने, त्याच्या नकळत, माझ्या कामाची सगळी गोम सांगितली. निवृत्तीनंतर मी एका छोट्या शास्त्रीय जर्नलचं व्यवस्थापकीय संपादकाचं काम बघते. कोकणातली फळपिकं, काजू, माड, थोडी मासळी असे विषय. लेख आले की त्यांची नोंद करायची, ते योग्य त्या संपादकाकडे पाठवायचे, तारखा सांभाळायच्या. थोडक्यात, त्या चिटणिसांचंच काम. आणि या कामात सर्वांत नाजूक, सर्वांत कमी बोललं जाणारं प्रकरण म्हणजे संपादकाचे स्वतःचे हितसंबंध.

सरकारी मराठीत याला 'हितसंबंधांचा संघर्ष' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. संघर्ष म्हटला की मारामारी डोळ्यांपुढे येते आणि समोरचा माणूस लगेच म्हणतो, "माझं कुणाशी काही भांडण नाही." प्रत्यक्षात भांडण नसतंच. एकाच माणसाकडे दोन नाती येतात आणि ती त्याला दोन बाजूंना ओढतात. बुवा परीक्षकही होते आणि मामाही. त्यात अजून कुठलाही गुन्हा घडलेला नाही. पुढे घडेलच असंही नाही. पण त्यांनी दिलेला मार्क शुद्ध आहे की नाही हे बाहेरच्या कुणालाच आता सांगता येणार नाही. खरं तर बुवांनाही नाही. आपलं मन आपल्याला कुठे ढकलतंय हे आपल्याला दिसत नसतं, तिथेच तर घोळ आहे.

ग्रामपंचायतीच्या राजकारणात वावरलेल्यांना ही गोष्ट पटकन कळते. आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम १४ आहे. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, सरळ किंवा आडून, हिस्सा असेल तर तो सदस्य अपात्र ठरतो. गटार चांगलं बांधलंय की निकृष्ट, हा प्रश्नच तिथे येत नाही. गटार उत्तम असलं तरी अपात्रच. कायदा नियत तपासत बसत नाही, जागा तपासतो.

आता जर्नलच्या संपादकाची जागा नेमकी कसली असते ते बघू. समजा एक लेख आला: हापूसमधला साका कमी करण्यासाठी अमुक द्रावणाची फवारणी. (साका म्हणजे काय हे कोकणाबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आंबा वरून देखणा, कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट भाग. पेटी परत येते आणि बागायतदाराचं तोंड तसंच आंबट होतं.) लेख आला की संपादक पहिला निर्णय एकटाच घेतो: हा लेख पुढे न्यायचा की दारातूनच परत पाठवायचा. याला आमच्यात डेस्क रिजेक्ट म्हणतात. त्यावर कुणाची सही लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. 'आमच्या कक्षेत बसत नाही' एवढं वाक्य पुरतं.

पुढे न्यायचा ठरला तर रेफरी निवडायचे. रेफरी म्हणजे त्याच विषयातले दोन-तीन जाणकार. ते लेख वाचून मत कळवतात आणि लेखकाला बहुतेक वेळा त्यांची नावं कळत नाहीत. बाहेरच्या माणसाला वाटतं की निकाल रेफरी देतात. तसं नसतं. रेफरी मत देतात, निकाल संपादक देतो. आणि रेफरीही तोच निवडतो. कोण कडक, कोण मवाळ, कोण कुणाच्या हाताखाली शिकलेला, कोण मे महिन्यात स्वतःच्या बागेत असतो म्हणून उत्तरच देत नाही, हे संपादकाला पाठ असतं. दोन नावं लिहिली की निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो. त्यावर वेळेचा खेळ वेगळा. एखादा लेख आठवड्यात मार्गी लावणं आणि एखादा चार महिने तसाच पडू देणं, दोन्ही निर्णयच आहेत. दुसऱ्याखाली सही नसते इतकंच.

लेखकाचे हितसंबंध लेखाच्या शेवटी छापले जातात: 'या संशोधनाला अमुक कंपनीने अर्थसाह्य केलं.' रेफरीलाही लेख पाठवताना विचारलं जातं, तुमचं यात काही गुंतलंय का. संपादकाचं मात्र वाचकाला काहीच दिसत नाही. त्याचं नाव मुखपृष्ठाच्या आत असतं, त्याचा हात कुठल्या लेखावर होता ते नसतं.

ही अडचण आजची नाही. आधुनिक अर्थाने पहिलं शास्त्रीय नियतकालिक म्हणतात ते 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ साली लंडनमध्ये सुरू झालं. रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग ते स्वतःच्या पदरच्या खर्चाने काढत आणि नफा झाला तर तोही त्यांचाच. म्हणजे शास्त्रीय संपादक जन्मला तो आर्थिक हितसंबंध पाठीशी घेऊनच. सोसायटीने ते नियतकालिक आपल्या ताब्यात घेतलं १७५२ मध्ये. मधल्या सुमारे ८७ वर्षांत कुणी 'संपादकाचं जाहीरनामापत्र' वगैरे मागितल्याचं दिसत नाही. ते पुरुष परस्परांना ओळखत, आणि ओळख हीच हमी. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी तीच चालते.

लोकांना आठवणारं उदाहरण घ्यायचं तर २०२० चा मार्च घ्यावा लागेल. कोरोनावरचं औषध म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे नाव आपल्याकडे मासळी बाजारातही ऐकू येत होतं. ज्या अभ्यासामुळे या औषधाचा जगभर बोलबाला झाला, तो फ्रान्समधल्या मार्सेच्या एका गटाचा होता. रुग्ण ३६, त्यातले औषध घेतलेले २०. 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ अँटिमायक्रोबियल एजंट्स' या जर्नलकडे तो लेख १६ मार्चला आला, १७ मार्चला स्वीकारला गेला आणि २० मार्चला ऑनलाइन प्रसिद्ध झाला. आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पसंत. आणि लेखकांपैकी एक जण त्याच जर्नलचे मुख्य संपादक होते.

पुढच्याच महिन्यात, ते जर्नल ज्या शास्त्रीय संस्थेचं, त्या संस्थेने जाहीर केलं की हा लेख आमच्या अपेक्षित दर्जाला उतरत नाही. त्याच खुलाशात असंही सांगितलं, की मुख्य संपादकांचा या लेखाच्या परीक्षणाशी काहीही संबंध नव्हता, ते काम एका सहसंपादकाकडे दिलं होतं. अखेर २०२४ च्या डिसेंबरमध्ये लेख मागे घेण्यात आला. इथे न्यायाने बोलायला हवं: मागे घेताना दिलेली कारणं रुग्णांची संमती, नैतिक परवानगी आणि अभ्यासाची पद्धत यांच्याशी निगडित होती. संपादकाच्या खुर्चीमुळे तो मागे घेतला गेला नाही. आणि मुख्य संपादक बाजूला झाले होते हे खोटं मानायला माझ्याकडे काही आधार नाही.

पण बुवाही उठून गेले होतेच ना? पेटीवाल्याचा पहिला प्रश्न इथे तंतोतंत लागू पडतो. उजवीकडच्या खुर्चीवर कोण होतं? सहसंपादकाला मुख्य संपादक नेमतात किंवा त्यांच्या शब्दाने तो नेमला जातो. त्याने आपल्या साहेबांचा लेख एका दिवसात पसंत केला. तो अगदी निःपक्षपाती असेल, मला मान्य आहे. पण वाचकाने हे कशावरून ओळखायचं?

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण अशीच चूक माझ्या हातून झालेली आहे. काही वर्षांपूर्वी काजूवरच्या ढेकण्याबद्दल एक लेख आला. (ढेकण्या म्हणजे ती बारीक कीड, पालवीतला आणि मोहरातला रस शोषते आणि मोहोर जळाल्यासारखा काळा पडतो.) लेखक आमच्या मुख्य संपादकांचा विद्यार्थी, नुकताच पीएच.डी. झालेला. सरांनी त्याच दिवशी मेल केला: 'या लेखात मी नाही. सहसंपादकांकडे द्या.' मी दिला. मला वाटलं, झालं, नियम पाळला. सहसंपादक सरांच्याच विभागातले, त्यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. त्यांनी रेफरींच्या यादीतून दोन नावं काढली. ती दोन्ही नावं त्या यादीत कधीकाळी सरांनीच घातलेली. लेख अकराव्या दिवशी पसंत झाला. आमच्याकडे एरवी चार महिने लागतात.

अंक निघाल्यावर महिन्याभराने दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधकाचं पत्र आलं. भाषा अतिशय सभ्य. त्यांनी लिहिलं होतं, की याच किडीवरचा माझा लेख तुम्ही काही महिन्यांपूर्वी 'कक्षेत बसत नाही' म्हणून परत केलात. मग कक्षा मधल्या काळात रुंद झाली का?

मी फाइल उघडली. त्यांचा लेख सरांनी स्वतः परत केला होता. कारणाच्या रकान्यात तेवढंच वाक्य. त्यांचे निष्कर्ष सरांच्या विद्यार्थ्याच्या निष्कर्षांच्या उलटे होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सरांना विचारलं तर ते प्रामाणिकपणे चक्रावले. म्हणाले, "अहो, त्यांची आकडेमोड कच्ची होती म्हणून परत केला. याचा नि त्याचा काय संबंध?" मला त्यांचं पटलंही. पण आकडेमोड कच्ची असल्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. चार ओळींचं उत्तर लिहायला मला आठवडा लागला. पुढच्या अंकात गुरु-शिष्याचं नातं सांगणारा खुलासा छापला. त्या संशोधकांचा लेख नव्याने मागवला आणि तो सरांच्या हाताखालून न जाऊ देता बाहेरच्या जाणकाराकडे दिला. तो छापलाही गेला. ते आजही मला ईदेला आणि दिवाळीला संदेश पाठवतात, आणि प्रत्येक वेळी मला थोडं ओशाळल्यासारखं होतं.

हा दुसरा प्रश्न, 'आम्हाला कमी मार्क दिले त्याचं काय', सगळ्यांत जास्त निसटतो. आपल्या माणसाचा लेख आला की संपादक बाजूला होतो, कारण ते डोळ्यांवर येतं. प्रतिस्पर्ध्याचा लेख आला की तो खुर्चीवरच राहतो, कारण प्रतिस्पर्ध्याशी 'नातं' आहे असं त्याला वाटतच नाही. वास्तविक एखाद्या विषयात विद्यार्थी, जवळचा सहकारी किंवा स्वतःचा चालू प्रकल्प गुंतलेला असेल, तर त्या विषयावरच्या सगळ्याच लेखांपासून काही काळ दूर राहायला हवं. मंडळ एक असो वा आठ, त्या स्पर्धेतून उठायचं.

आमच्या शेजारच्या आबांना मी हे एकदा अंगणात बसून सांगत होते. त्यांची काजूची बाग आहे. वेंगुर्ला-४ नि वेंगुर्ला-७ ची कलमं स्वतः लावलेली. ते म्हणाले, "गो, पण ढेकण्यावर कधी फवारूचा, ता तुमच्या त्या अंकातसून सल्ल्यात येता, आणि सल्ल्यातसून आमच्याकडे येता. मगे पैसे कोणाचे जातत?" एवढ्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलं नसतं.

पैशाची गोष्ट उरतेच. अमेरिकेत २०१० च्या एका कायद्यामुळे औषध आणि उपकरण कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेला पैसा जाहीर करावा लागतो. तो तपशील वापरून २०१७ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये एक अभ्यास आला. ५२ नामांकित वैद्यकीय जर्नलांचे ७१३ अमेरिकी संपादक पाहिले, तर त्यातल्या निम्म्यांहून किंचित जास्त, ५०.६ टक्के जणांना, २०१४ या एका वर्षात कंपन्यांकडून काही ना काही रक्कम मिळाली होती. कुणाला जेवणाखाणाइतकी, कुणाला फार मोठी. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून असा अभ्यासही नाही. आमच्यासारख्या जर्नलात चेक वगैरे कुणी देत नाही. आमच्याकडे परिसंवादाचं जेवण असतं, मंडपाच्या मागचा बॅनर असतो आणि जानेवारीत कंपनीची जाडजूड डायरी येते. मी ती डायरी वापरते. तिच्यातच रेफरींच्या तारखा लिहिते. लिहिताना वरच्या कोपऱ्यात कल्टारची, म्हणजे आंब्याला मोहोर यावा म्हणून घालतात त्या औषधाची, जाहिरात दिसते आणि कल्टारवरचा लेख टेबलावर असला की मी पान उलटून घेते. हसण्यासारखं आहे, पण आहे.

संपादकावरही मालक असतोच, आणि मालकाचेही हितसंबंध असतात. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्यात उघड झालं, की 'ऑस्ट्रेलेशियन जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट मेडिसिन' नावाचं, दिसायला अगदी जर्नलसारखं प्रकाशन मर्क या औषध कंपनीच्या पैशाने निघत होतं आणि वाचकाला तसं कुठेही सांगितलेलं नव्हतं. प्रकाशक होता एल्सव्हिअर, जगातल्या सर्वांत मोठ्या शास्त्रीय प्रकाशकांपैकी एक. २००० ते २००५ या काळात अशी सहा प्रकाशनं काढल्याचं त्यांनी पुढे कबूल केलं. तिथे परीक्षकाचा भाचा वगैरे नव्हता. स्पर्धाच एका मंडळाने भरवली होती.

पाहुण्या संपादकांचा प्रकार अलीकडचा. विशेषांकासाठी बाहेरून संपादक बोलवायचा, तो लेख गोळा करतो, तोच पसंत करतो. हिंदावी या प्रकाशकाला हे फार महागात पडलं. २०२३ या एका वर्षात त्यांना ८,००० हून जास्त लेख मागे घ्यावे लागले, त्यातले बहुतेक विशेषांकांतले. लेखकाकडून छपाईचे पैसे घेणाऱ्या प्रकाशकाला जितके लेख तितका फायदा, हेही इथे लक्षात ठेवायला हवं. त्यात गावातल्या जत्रेत दुकानाची जागा देणाराच दुकानदार अशी गत झाली.

मग नियम काय म्हणतात? जर्नलांच्या संपादकांची 'कोप' नावाची संस्था १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची समिती त्याआधीची, १९७८ मध्ये व्हँकुव्हरला जमलेल्या मंडळींची. दोघांच्याही सांगण्याचा गाभा एकच: संपादकाने आपले संबंध जाहीर करावेत आणि जिथे ते गुंततात तिथून बाजूला व्हावं. वैद्यकीय समिती तर म्हणते, की संपादकांनी स्वतःचे नि आपल्या कर्मचाऱ्यांचे हितसंबंध वेळोवेळी छापावेत. वाचायला सोपं आहे. राबवायला बसलं की कोकण आडवं येतं.

म्हणजे असं. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. कोकणातल्या आंबा-काजूवर गंभीरपणे काम करणारी बहुतेक माणसं तिथे शिकलेली, नाहीतर तिथे शिकवलेली, नाहीतर तिथल्या कुणाच्या घरात दिलेली. 'कसलाही संबंध नको' असा नियम केला तर साक्यावरचा लेख तपासायला माणूसच उरणार नाही. आणि ही काही फक्त लहान गावची रड नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने १९९० मध्ये नियम केला होता, की औषधांवर संपादकीय किंवा आढावा लिहिणाऱ्याचा संबंधित कंपनीशी आर्थिक संबंध नसावा. २००२ मध्ये त्यांनाही तो सैल करावा लागला. असे निःसंग लेखकच मिळेनात. मग वर्षाला एका कंपनीकडून १०,००० डॉलरपर्यंत चालेल अशी रेघ मारली. त्या रेघेवर पुष्कळ टीका झाली. मला स्वतःला ती रेघ फार वर मारलेली वाटते. पण रेघ कुठेतरी मारावी लागते, हे नाकारता येत नाही.

आम्ही आमची रेघ अशी मारली आहे. स्वतःचा लेख, नवरा-बायको, मुलं, भावंडं, मागच्या पाच वर्षांतला पीएच.डी. विद्यार्थी, तीन वर्षांतला सहलेखक, चालू प्रकल्पातला भागीदार आणि ज्याच्याशी उघड वैर किंवा कोर्टकचेरी आहे असा माणूस: यांच्या लेखाला हातच लावायचा नाही, आणि त्याच प्रश्नावरच्या विरुद्ध बाजूच्या लेखालाही नाही. एकाच विद्यापीठातला असणं, एकाच परिसंवादात जेवलेलं असणं, गाववाला असणं, यासाठी बाजूला व्हायची गरज नाही. फक्त फाइलवर एक ओळ लिहायची. दूरच्या नात्यांचं प्रकरण मी सोडूनच दिलं. तळकोकणात दोन माणसांचं दूरचं नातं नाही हे सिद्ध करायला जास्त पुरावा लागतो.

सर्वांत जास्त वेळ गेला तो सॉफ्टवेअरवर. मुख्य संपादकाच्या लॉगिनला सगळं दिसतं: कुठला लेख कुणाकडे, रेफरी कोण, त्यांनी काय लिहिलं. म्हणजे सरांनी तोंडाने 'मी नाही' म्हटलं तरी एक क्लिक केली की त्यांच्या विद्यार्थ्याच्या लेखावर कुणी ताशेरे मारले ते त्यांना दिसणार. त्यांनी कधी पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. पण बुवा पडवीत चहा पीत असताना गुणांचा कागद त्यांच्याच बशीखाली ठेवल्यासारखं होतं ते. आता असा लेख आला की तो आमच्या यंत्रणेच्या बाहेर काढतो. दुसऱ्या राज्यातल्या एका ज्येष्ठ संशोधकांनी हे काम स्वीकारलंय. आमच्या मंडळावर त्या नाहीत, आमच्याकडून मानधन घेत नाहीत. त्या स्वतः रेफरी शोधतात आणि निकाल मला कळवतात. लेख छापला गेला तर खाली एक वाक्य जातं: कोण बाजूला झालं, आणि निर्णय कुणी घेतला. नुसतं 'संपादक सहभागी नव्हते' असं लिहून भागत नाही. मग कोण होतं, हेच तर पेटीवाला विचारत होता. तिसऱ्या प्रश्नासाठी मी एक साधी शाळकरी वही केली आहे. तारीख, लेखाचा क्रमांक, कोण उठलं, का उठलं, कोण बसलं. आणि डेस्क रिजेक्टचं कारण किमान तीन वाक्यांत.

कॉलेजातली मुलं मला विचारतात, की लेख कुठे पाठवायचा, जर्नल बरं आहे की नाही हे कसं ओळखायचं. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलांची 'केअर' यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. आता ती जबाबदारी संस्थांवर आणि खरं तर या मुलांवरच येऊन पडली आहे. मी त्यांना सांगते, यादीच्या आधी अंक चाळा. मागच्या दोन वर्षांच्या लेखांची नावं एका बाजूला, संपादक मंडळाची नावं दुसऱ्या बाजूला, आणि पेन्सिलीने खुणा करा. २०२१ मध्ये जवळपास ५,५०० वैद्यकीय-जैविक जर्नलांचा असाच हिशेब मांडला गेला होता. निम्म्या जर्नलांत सर्वांत जास्त लिहिणाऱ्या एका लेखकाचा वाटा तीन टक्क्यांच्या आत होता. पण वरच्या पाच टक्के जर्नलांत तो दहा टक्क्यांच्या पुढे गेला होता. अशा संशयास्पद जर्नलांमधून शंभरेक काढून तपासली, तेव्हा साठेक टक्क्यांमध्ये तो बहुप्रसवा लेखक संपादक मंडळावरच बसलेला आढळला. मग लेखांखालच्या तारखा बघा, 'आला' आणि 'स्वीकारला'. मंडळातल्यांचे लेख दहा दिवसांत आणि बाकीच्यांचे सहा महिन्यांत, असं दिसलं तर पोस्टाचा खर्च वाचवा. एखाद-दुसरा लेख संपादकाचा असणं मात्र वाईट नाही. छोट्या विषयात संपादकच तिथला चांगला संशोधक असतो, त्याने लिहायचंच नाही तर मग लिहायचं कुणी?

या वर्षी आमच्या सरांनीच स्वतःचा एक लेख दिला. वहीत नोंद झाली, लेख बाहेर गेला. अडीच महिन्यांनी उत्तर आलं: नामंजूर. दोन रेफरींपैकी एकाने तर फारच कडक लिहिलं होतं. नावं आधीच वगळून आलेलं ते पत्र मी सरांना तसंच पुढे पाठवलं. दोन दिवस त्यांचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी आला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, यंदा मोहोर उशिरा आहे वगैरे. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "बाई, रेफरी कोण होते हो?"

"सर, मलाही दिसत नाही," मी म्हटलं.

"हं," म्हणाले. मग एप्रिलच्या अंकाचं विचारायला लागले.